नववी ‘ब’ असं का वागते? नव्या शिक्षकांसाठी पायरी-पायरीने

शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून शिक्षणसेवक म्हणून रुजू झालेल्या शिक्षकाच्या वाट्याला बऱ्याचदा तोच वर्ग येतो जो बाकी कुणाला नको असतो. नववीची शेवटची तुकडी. पहिला आठवडा मुलं तुम्हाला जोखतात. दुसऱ्या आठवड्यात मागच्या बाकावरून पहिला आवाज येतो. मग स्टाफरूममध्ये कुणीतरी सल्ला देतं, “सर, सुरुवातीला कडक राहा. दिवाळीपर्यंत हसूच नका.” सांगणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण कडक राहून दंगा फक्त दबतो. मूल तसं का वागलं ते कळत नाही, आणि ते कळलं नाही की तोच दंगा पुढच्या तासाला दुसऱ्या शिक्षकापुढे उभा राहतो.

इतक्या वर्षांच्या शिकवण्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. तेरा ते सोळा वयाचं मूल वर्गात पुन्हा पुन्हा जे करतं, त्यातून त्याला काहीतरी मिळत असतं. कधी लक्ष मिळतं, कधी मित्रांत मान, कधी नकोशा कामातून सुटका. काय मिळतंय ते आधी शोधायचं आणि बंदोबस्ताचं नंतर बघायचं. ते शोधायचं कसं, ते पुढे क्रमाने सांगतो.

सुरुवात करण्याआधी: छडी विसरा

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे. तो कायदा सहा ते चौदा वयापुरता आहे, नववी-दहावीला लागू नाही, असं कुणी सांगेल. त्यावर विसंबू नका. बाल न्याय कायदा, २०१५ अठरा वर्षांखालच्या प्रत्येकासाठी आहे, आणि ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने क्रूरपणे वागवणं हा त्यात गुन्हा आहे. पण कायद्याची भीती हे माझं मुख्य कारण नाही. मार खाल्लेलं मूल त्या दिवशी गप्प बसतं आणि आपल्याला वाटतं प्रश्न सुटला. प्रत्यक्षात कारण शोधायची आपली वाटच बंद झालेली असते, कारण ते मूल आता आपल्याशी खरं बोलणार नाही. वर्गासमोर “तुझ्या बापाने कधी शाळा पाहिली होती का?” असं विचारण्याचा परिणामही तोच.

पायरी १: वयाचं काय आणि खोडीचं काय, ते वेगळं करा

आपल्याला खटकणाऱ्या कितीतरी गोष्टी निव्वळ वयाच्या असतात. विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. भावना आणि मौजेकडे ओढणारा भाग मात्र वयात येतानाच जोरात कामाला लागतो. म्हणून नववीतला मुलगा एकटा भेटला की शहाण्यासारखं बोलतो आणि पाच मिनिटांनी वर्गात खडू फेकतो. दोन्ही वेळा तो खराच असतो.

यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट मित्रांबद्दलची आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवायचा खेळ होता. पिवळा दिवा लागल्यावर थांबायचं की आणखी पुढे जायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी मित्र शेजारी असताना एकट्यापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करला. चोविशीच्या पुढच्या मोठ्यांवर मित्रांच्या असण्याचा तसा परिणाम दिसला नाही. आपल्या वर्गात साठ मित्र शेजारी बसलेले असतात. म्हणून सगळ्यांदेखत मुलाला जाब विचारला की तो उत्तर आपल्याला देत नाही, त्या साठ जणांना देतो. ही एवढी एकच गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळलीत तरी निम्मी भांडणं होणारच नाहीत, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट झोपेची. वयात येताना झोपेची वेळ पुढे सरकते. रात्री अकरापर्यंत झोप येत नाही आणि गरज तर आठ ते दहा तासांची असते. २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं. सकाळच्या सत्रातले आठवी-नववीचे वर्ग मात्र कितीतरी ठिकाणी सातच्या आसपासच भरतात. पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकवणाऱ्या मुलाने तुमचा अपमान केलेला नाही. त्याला उभं करून वर्गाकडून हसून घेतलंत, तर मात्र तो खरंच करायला लागेल.

पायरी २: दोन आठवडे वही ठेवा

कुठलाही उपाय करण्याआधी एक साधी शंभर पानी वही घ्या आणि चार रकाने आखा: केव्हा, त्याच्या आधी काय चाललं होतं, मुलाने नेमकं काय केलं, आणि त्यानंतर काय झालं. शेवटच्या रकान्यात तुम्ही काय केलंत आणि वर्गाने काय केलं, दोन्ही लिहा. तास संपल्यावर दोन ओळी पुरतात.

“दंगा केला”, “उद्धटपणा केला” असं लिहू नका. तो आपला निकाल झाला, ती नोंद नव्हे. “फळ्याकडे वळलो तेव्हा मागून पेनाची टकटक, चौघे हसले” ही नोंद. ही सवय लागायला थोडे दिवस लागतात, कारण रागात असताना माणसाला निकालच सुचतो.

आमच्याकडच्या एका बाईंच्या वहीतल्या तीन नोंदी इथे देतो. त्या मराठी शिकवायच्या. मुलगा नववीतला, उंच, शेवटच्या बाकावरचा.

मंगळवार, सहावा तास. आळीपाळीने प्रकट वाचन चालू. त्याच्यापुढे दोघे उरले असताना शेजारच्याला कोपर मारलं. शेजारी ओरडला. दोघांना दाराबाहेर उभं केलं.

गुरुवार, तिसरा तास. व्याकरण, फळ्यावरून उतरवून घेणं. काहीच नाही.

शुक्रवार, पाचवा तास. कवितेचं वाचन, रांगेने. त्याच्या रांगेची पाळी येताच मांजराचा आवाज काढला. वर्ग हसला. बाहेर पाठवलं.

पुढच्या आठवड्यातही तसंच. वेगवेगळ्या दिवशी वाचलं तर हे नुसतं वात्रट पोर वाटतं. सलग वाचलं की दिसतं, दर वेळी वाचनाची पाळी यायच्या आधीच काहीतरी घडतं आणि दर वेळी त्याला बाहेर पाठवलं जातं. म्हणजे आपण जिला शिक्षा म्हणत होतो, तीच त्याला हवी होती. त्याशिवाय वर्ग हसायचा, तो मानही पदरात पडायचा. बाईंनी त्याला मधल्या सुट्टीत वाचनालयात बोलावलं, “पुस्तकं लावायला मदत कर” म्हणून. पुस्तकं लावता लावता चौथीच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला दिला. तो जोडाक्षरांपाशी अडकत होता. “प्रश्न” वाचायला त्याने ओठ दोनदा हलवले, मग खाली बघितलं.

असा मुलगा विरळा नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या २०२३ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या चौदा ते अठरा वयाच्या सुमारे पंचवीस टक्के मुलामुलींना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता आला नाही. तुमच्या वर्गात अशी मुलं असणारच. ती हात वर करून “सर, मला वाचता येत नाही” असं सांगणार नाहीत. सोळाव्या वर्षी ‘ढ’ ठरण्यापेक्षा ‘वांड’ ठरणं केव्हाही परवडतं.

पायरी ३: काय मिळतंय, ते तुमच्या स्वतःच्या मनाला विचारा

व्हिएन्नात जन्मलेले आणि पुढे शिकागोत काम केलेले मानसोपचारतज्ज्ञ रुडॉल्फ ड्रायकर्स हे आल्फ्रेड ॲडलर यांचे शिष्य. मुलांच्या गैरवर्तनामागे चार हेतू असतात, अशी मांडणी त्यांनी केली: लक्ष वेधणं, सत्ता गाजवणं, उट्टं काढणं आणि ‘मला जमतच नाही’ म्हणून अंग काढून घेणं. ओळखायची त्यांची खूण मला फार कामाची वाटते. मुलाच्या वागण्याने तुम्हाला काय वाटलं ते पाहा. नुसता वैताग आला तर बहुधा त्याला लक्ष हवंय. “याला दाखवतोच” असं वाटलं तर सत्तेची ओढाताण चालू आहे. मन दुखावलं तर तो कसलं तरी उट्टं काढतोय. आणि “याच्यापुढे हात टेकले” असं वाटलं तर त्याने स्वतःच आधी हात टेकलेले आहेत.

लक्ष हवं असणाऱ्या मुलाचं सोपं असतं. ते लक्ष त्याने काही करण्याआधीच द्या. वर्गात शिरताना नाव घ्या, वही बघा, नकाशा टांगायला सांगा. आवाज काढल्यावर मात्र शिकवणं न थांबवता त्याच्या बाकाजवळ जाऊन उभे राहा, बस्स.

सत्तेच्या ओढाताणीवर जरा जास्त बोलायला हवं, कारण नवे शिक्षक इथेच फसतात. “वही काढ.” “नाही काढत.” आता सगळा वर्ग श्वास रोखून बघतोय. तुम्ही आवाज चढवलात तर त्याला माघार घेता येत नाही. मित्रांसमोर त्याची पत जाते. तुम्ही “बाहेर हो” म्हणालात आणि तो हललाच नाही, तर पुढे तुमच्याकडे काही उरत नाही. अशा वेळी शांतपणे एकदाच सांगा: “वही काढून पहिलं उदाहरण सुरू कर. मी त्या रांगेच्या वह्या बघून येतो.” आणि खरोखर पाठ फिरवून दुसऱ्या रांगेत जा. मागे वळून बघू नका. बघणारं कुणी उरलं नाही की बहुतेक मुलं मिनिटा-दोन मिनिटांत वही काढतात, नाराजीने का होईना. ती नाराजी, ते तोंडातल्या तोंडात पुटपुटणं सोडून द्या. त्याने तुमचं ऐकलंय. नाहीच काढली, तर तास संपल्यावर एकट्याला थांबवून बोला. या वयाला स्वतः ठरवण्याची भूक असते, म्हणून खऱ्याखुऱ्या लहान निवडी हाती द्या: ही पाच उदाहरणं की ती पाच, इथे बसून की पुढच्या बाकावर.

उट्टं काढणाऱ्या मुलाचा राग बहुतेक वेळा तुमच्यावरचा नसतो. घरी, गल्लीत किंवा मागच्या वर्षी शाळेतच कुणीतरी त्याला लागट बोललेलं असतं, आणि तुम्ही समोर सापडता.

ड्रायकर्स यांच्या मांडणीत एक उणीव आहे. तिच्यात सगळा खेळ मनाचा आहे. पोट, डोळे, घर यांना तिथे जागा नाही. म्हणून पुढची पायरी.

पायरी ४: शरीर आणि घर

शालेय पोषण आहार पहिली ते आठवीला मिळतो. म्हणजे त्याच शाळेत आठवीपर्यंतची मुलं मधल्या सुट्टीत खिचडी खातात आणि नववीतला मुलगा डबा आणला नसेल तर नळावर पाणी पिऊन परत येतो. सकाळी सहाच्या एसटीने आलेला असेल तर घरून चहा-बिस्किटावरच निघालेला असतो. पाचव्या-सहाव्या तासाची चिडचिड वहीत वारंवार दिसली तर आधी विचारा, “सकाळपासून काय खाल्लंस?”

मुलींबाबत आणखी एक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. मुलग्यांत ३१ टक्के. थकवा, लक्ष न लागणं, बाकावर डोकं टेकणं ही त्याची लक्षणं. आपण ‘आळशी आहे’ म्हणून मोकळे होतो. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहगोळी मुली खरंच घेतात की दप्तरात टाकतात, ते बघा. पाळीच्या दिवसांत स्वच्छतागृहात पाणी नसेल तर मुलगी जागची हलत नाही आणि फळ्यावर बोलावलं की “येत नाही” म्हणते. हे तिने सरांना सांगावं अशी अपेक्षा करू नका. एखाद्या बाईंना तिच्याशी बोलायला सांगा.

डोळ्यांचं तपासणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त राहून जाणारं. शेजाऱ्याच्या वहीत डोकावत, बोलत, उतरवून घेणाऱ्या मुलाला पहिल्या बाकावर बसवून फळा वाचायला सांगा. फरक दिसला तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा त्याचं नाव द्या.

बीड, अहिल्यानगर, जालना या भागांत असाल तर ऊसतोडीचं वेळापत्रक डोक्यात ठेवा. दिवाळीच्या सुमारास गेलेली मुलं काही ठिकाणी थेट मार्चच्या पुढे परततात. परतलेल्या मुलाने फडात मोठ्यांच्या बरोबरीने काम केलेलं असतं, धाकट्या भावंडांना सांभाळलेलं असतं. वर्गात मात्र त्याला तीन धडे मागे असलेला विद्यार्थी म्हणून बसवलं जातं. तो अडून बसतो त्याचं मला नवल वाटत नाही. त्याला आधी जबाबदारीचं काम द्या आणि राहिलेला अभ्यास एकट्याने भरून काढायची सोय करा.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. हळूहळू वाढलेलं वागणं आणि अचानक पालटलेलं वागणं यांत फरक करा. बडबडी मुलगी एकदम गप्प झाली, शांत मुलगा मारामारी करायला लागला, कुणी शाळा सुटल्यावर घरी जायला टाळाटाळ करायला लागलं, तर वहीचे दोन आठवडे पुरे होण्याची वाट बघू नका. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. ‘शाळेचं नाव जाईल’ म्हणून थांबता येत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. मुलाला “कुणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नका, कारण तुम्हाला सांगावंच लागणार आहे. “तुला मदत करू शकेल अशाच माणसाला सांगेन” एवढं म्हणा.

पायरी ५: आपला तास बघा

जेकब कूनिन या अमेरिकी संशोधकाने वर्गांची चित्रफीत करून अभ्यास केला. शांत वर्गांचे शिक्षक जास्त चांगलं रागावत असतील असा त्यांचा कयास होता. रागावण्यात फरक सापडला नाही. फरक होता आधीच्या गोष्टींत: शिक्षकाची नजर सगळीकडे असते का, तास रेंगाळतो का, मुलांच्या हातात काम आहे का.

वहीतला ‘केव्हा’चा रकाना उभा वाचा. बहुतेक नोंदी हजेरी घेताना, वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहिताना, प्रोजेक्टर जोडताना किंवा खेळाच्या तासानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत पडलेल्या दिसतील. हजेरीआधी फळ्यावर एक प्रश्न लिहून ठेवा, आल्या आल्या सोडवायला लागतील असा. फळ्यावर लिहिताना जरा आडवं उभं राहा, वर्ग दिसत राहील असं. वह्या वाटायला शेवटच्या बाकावरचा हात घ्या. यात चमकदार काही नाही, पण मी पाहिलेल्या बदलांत सगळ्यात लवकर दिसणारा बदल हाच.

पायरी ६: एकट्याशी बोला, थोडं बोला

“का केलंस?” असं विचारू नका. त्याला बहुधा माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी सांगता येत नाही. “काय झालं होतं?” किंवा “त्याच्या जरा आधी काय चाललं होतं?” असं विचारा. मग थांबा. ती शांतता तुम्हाला अवघड वाटेल, भरून काढू नका.

वाचनाच्या त्या मुलाशी बाई जे बोलल्या ते असं:

“वाचनाची पाळी आली की तुला नको वाटतं ना?”

बराच वेळ काही नाही. मग, “पोरं हसतात, बाई.”

“मी तुला वर्गात अचानक वाचायला सांगणार नाही. कुठला परिच्छेद ते आदल्या दिवशी सांगेन. मधल्या सुट्टीत आपण तो आधी वाचू. चालेल?”

“चारच ओळी द्या.”

पालकांना बोलावण्याआधी एक करा: पहिला फोन चांगल्या गोष्टीचा करा. “तुमच्या मुलाने आज प्रयोगशाळा आवरायला मदत केली” एवढंसुद्धा पुरतं. शाळेचा फोन म्हणजे तक्रार, हे घराघरांत ठरलेलं असतं. शेतावर किंवा कामावर असलेल्या बापाला दुपारी फोन करून तक्रार सांगितली तर मुलाला संध्याकाळी मार बसतो आणि सकाळी तो तुमच्याच वर्गात येतो. तक्रारीचं बोलायचं झालं तर मुलाला समोर बसवून बोला, आणि घरी तो काय चांगलं करतो ते आधी विचारा. कितीदा तरी तिथेच उत्तर सापडतं.

पायरी ७: एकच गोष्ट बदला आणि थांबा

अंदाज बांधला की एकच बदल करा: जागा, कामाची पातळी, तुमची प्रतिक्रिया, यांपैकी एक. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काम झालं ते कळणार नाही. आणि हे आधीच माहीत असू द्या: जे वागणं आजवर फायद्याचं होतं ते फायदा बंद होताच लगेच कमी होत नाही, आधी काही दिवस वाढतं. मांजराच्या आवाजाकडे लक्ष देणं बंद केलंत की आवाज मोठा होईल. नवे शिक्षक नेमके इथेच उपाय सोडून देतात. दोन-तीन आठवडे द्या, वही चालू ठेवा.

त्यानंतरही फरक नसेल तर अंदाज चुकला असं समजा, मुलगा वाया गेला असं नव्हे. दुसरा अंदाज घ्या. लिहिण्या-वाचण्याची अडचण खूपच खोल दिसली तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यायला पालकांना सांगा. दाखला मिळाला तर दहावीच्या परीक्षेत बोर्डाच्या सवलती मिळतात. हे नववीतच सुरू करा, दहावीच्या दिवाळीनंतर धावपळ करून उपयोग नाही. मूल स्वतःला इजा करण्याचं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मुख्याध्यापक आणि पालक यांना सोबत घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

वहीबद्दल एक शेवटचं. ती कपाटात कुलपात ठेवा. स्टाफरूममध्ये वाचून दाखवू नका, मुलाच्या नावाऐवजी अक्षर लिहा. एप्रिलमध्ये वर्ग पुढच्या वर्गशिक्षकाकडे जाताना तिच्यातल्या तक्रारी देऊ नका, प्रत्येक मुलाबाबत काय लागू पडलं एवढंच एका कागदावर लिहून द्या: “पुढे बसवा, डोळे तपासायचे राहिलेत”, “आदल्या दिवशी उतारा सांगितला तर वाचतो”, “वडिलांना फोन करू नका, आजीशी बोला.”